लांबच्या सायकल प्रवासात गावोगावचे सायकलवाले : कसे गाठायचे आणि कितपत गुंतायचं?

कोलशेतकर

मंडळी, डिसेंबरात ठाणे ते कन्याकुमारी सायकलने जायचा बेत जवळजवळ पक्का झालाय. एकटाच जाणार, सामान सायकलवरच, मागे गाडी-बिडी काही नाही. पनवेलहून निघणारा ६६ नंबरचा महामार्ग थेट कन्याकुमारीला पोचतो, साधारण १,६०० किमी. पण गोव्यापर्यंत तो शक्यतो टाळायचा आहे. वडखळहून अलिबाग गाठून पुढे रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, मालवण असा किनारा धरून उतरायचं.

रस्ता, चढ, लॉज यांची माहिती मिळत राहते. मला विचारायचंय ते माणसांबद्दल. रविवारी सकाळी उपवनला किंवा येऊरच्या गेटपाशी नुसतं उभं राहिलं तरी चार-पाच सायकल ग्रुप भेटतात. म्हणजे रत्नागिरी, कणकवली, मडगाव, उडुपी इथेही असणारच. त्यांना गाठायचं कसं? आधी कळवावं की पोचल्यावर? राहायची सोय विचारणं बरं दिसतं का? आणि ते कार्बनच्या सायकली घेऊन आले आणि माझं वीस किलो सामान लादलेलं धूड ताशी सोळाच्या वेगाने चाललं असेल, तर त्यांनी काय करायचं आणि मी काय करायचं?

ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. ज्यांनी केलेलं नाही त्यांनीही लिहा, तुम्हाला अडवणार कोण.

घाटमाथा

येऊरच्या गेटपाशी पाच ग्रुप भेटतात आणि पाचांतले चार एकमेकांशी बोलत नाहीत, हेही लिहा की. वाचतोय.

पळस्पे_फाटा

कोलशेतकर, 'सायकल ग्रुप' म्हटलं की त्यात सगळेच आले. तुम्हाला हवेत ते बीआरएमवाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २००, ३००, ४००, ६०० किमीच्या राइड, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. शर्यत नाही, नंबर नाही. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणी-ठिकाणांवर घ्यायची, अधेमधे नाही. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे, आणि आपल्याकडे ऑडॅक्स इंडियाच्या साइटवर सगळ्या क्लबांचं वर्षाचं कॅलेंडर असतं. ते उघडा आणि तुमच्या वाटेवरची कुठली गावं त्यात दिसतात ते बघा. ज्या क्लबने ३०० ची राइड आखलीय त्यांच्यातल्या कुणीतरी तो रस्ता रात्री, झोप डोळ्यांवर असताना, पोटात काही नसताना बघितलेला असतो. पहाटे तीनला चहा कुठे मिळतो, कुठल्या वाडीतली कुत्री अंगावर येतात, कुठल्या पुलाच्या जोडावर चाक अडकतं, हे सगळं त्यांना पाठ.

मी नेरूळचा. पाम बीचवर सकाळी वाशी ते बेलापूर फेऱ्या मारणारी मंडळी माझी मित्रच आहेत, तेव्हा राग मानू नये. पण दहा किमीच्या सपाट डांबरावरून माणसाला लांबच्या रस्त्याचं काही सांगता येत नाही. सल्ला मात्र तेच जास्त देतात.

आता निरोपाचं. आठवडाभर आधी पाठवा, महिनाभर आधी नको, लोक विसरतात. कोण, कुठून कुठे, अंदाजे कुठल्या दिवशी, आणि एकच प्रश्न. तोही नेमका. 'रत्नागिरीबद्दल मार्गदर्शन हवं' असं लिहिलंत तर 'वेलकम सर' एवढंच उत्तर येईल. 'गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आरे-वारेवरून येऊ की निवळीवरून, सायकलवर ओझं आहे' असं विचारा, मग बघा. त्यावर ग्रुपमध्ये दोन तट पडतील, भांडण होईल आणि त्या भांडणात तुम्हाला रस्त्याची सगळी माहिती मिळेल. मुक्कामाचं पहिल्या निरोपात काढू नका. रस्त्याबद्दल नीट विचारलंत तर दोन-तीन निरोपांनंतर तेच विचारतात, 'राहणार कुठे?'

मीनल_सीवूड्स

पळस्पे, निरोपाचं पटलं, शेवटचं वाक्य नाही पटलं. तुम्ही पुरुष मंडळी मुक्काम अधांतरी ठेवून निघू शकता. मी पहिल्याच निरोपात विचारते, आणि सरळ विचारते: 'तुमच्या ग्रुपमध्ये बायका चालवतात का? त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल का?' तिथून जे उत्तर येतं त्यावरून ग्रुप कसा आहे ते कळतं. एका गावातून उत्तर आलं, 'मॅडम, लेडीज नाहीत, पण आमच्या मिसेसशी बोला.' त्या मिसेस सायकलीला हात लावत नव्हत्या, पण त्यांनी फोनवर अर्धा तास माझी उलटतपासणी घेतली: घरी कोण, आई काय म्हणते, रात्री चालवतेस का. इतक्या निर्धास्तपणे मी कुठल्या हॉटेलात झोपले नाही.

आणखी एक, हे पुरुषांनाही लागू आहे. आपण आत्ता कुठे आहोत ते उघड्या पानावर टाकायचं नाही. फोटो टाका, पण एक मुक्काम मागचा. स्ट्रावावर (राइड नोंदवायचं अॅप) राइड संपल्या संपल्या सगळ्यांना दिसते, तिची सेटिंग बदला, सुरुवात-शेवट लपवता येतो. लाइव्ह लोकेशन फक्त घरच्यांना आणि त्या दिवशी जो यजमान असेल त्याला.

सडाफटिंग

माझा अनुभव मुक्कामाचा नाही, ट्यूबचा आहे. लांब होईल, चहा घेऊन बसा.

माझी सायकल ७०० बाय ३५ टायरची. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे ते बारीक, टोकाला स्क्रू असलेलं. वेळणेश्वरची उतरण संपताना खड्ड्यात आपटलो आणि ट्यूब नेमकी व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली. तिथे पॅच बसत नाही. स्पेअर आदल्याच दिवशी खर्ची पडली होती. टेम्पोत सायकल टाकून गुहागर गाठलं. तिथला पंक्चरवाला हाडाचा कारागीर, पण त्याच्याकडे ट्यूब काळ्या सायकलची, २८ इंची, जाड व्हॉल्व्हची. माझ्या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटर, त्याच्या व्हॉल्व्हला लागतात आठ. ट्यूब स्वतः बसली असती, अडलं होतं ते भोकावर. त्याने शांतपणे खोक्यातून गोल कानस काढली आणि म्हणाला, 'करू मोठं?' अॅल्युमिनियमच्या रिमकडे बघून माझ्या पोटात गोळा आला.

दापोलीत भेटलेल्या एका सायकलवाल्याने चिपळूणचा एक नंबर देऊन ठेवला होता, 'लागला तर' म्हणून. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं. फोन केला, साइज सांगितली, व्हॉल्व्हचा फोटो पाठवला. त्याने स्वतःच्या सामानातली ट्यूब काढली, कागदात गुंडाळली, चिपळूण स्टँडवर जाऊन गुहागर गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिली आणि मला गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो पाठवला. मी गुहागर स्टँडवर येऊन उभा. गाडी आली, ड्रायव्हरने उतरायच्या आधीच खिडकीतून हाळी दिली, 'ट्यूबवाले कोण?' स्टँडवरच्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पंक्चरवाल्याकडे मी गेली दोन तास बसून होतो, तेवढ्यात बातमी पसरली होती.

पैसे विचारले तर पलीकडून म्हणाला, मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती नवी ट्यूब पाठवा. पाठवली.

म्हणून माझं म्हणणं: एका गावातल्या माणसाकडून पुढच्या गावातला नंबर घ्यायचा. नेटवर शोधलेल्या ग्रुपपेक्षा 'अमक्याने तुमचा नंबर दिला' या वाक्याला जास्त वजन आहे. आणि पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, प्रेस्टावर चढवला की पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. नखाएवढी वस्तू आहे.

दोन_चाकं

गोल कानस! हसून हसून पुरेवाट. पण खरं सांगू का, त्याने केलं असतं तरी चाललं असतं. मी कडा नीट घासून घेऊन असं मोठं केलेलं रिम अजून वापरतोय.

चाकोरीबाहेर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मुद्दाम लिहितो. मी ग्रुपांना आधी कळवणं बंद केलं.

कारण एकच: सत्कार. तुम्ही सायकलवर लांबून आलात हे कळलं की कुणाच्या तरी डोक्यात बॅनर येतो. सकाळी साडेसहाला चौकात या म्हणतात. अध्यक्ष साडेसातला येतात. शाल, श्रीफळ, मग मानचिन्ह, तेही काचेचं नाहीतर लाकडाच्या ठोकळ्याचं, मग 'दोन शब्द'. मग नाश्ता. मग फोटो पुन्हा, कारण पहिल्या फोटोत कुणीतरी नव्हतं. साडेनऊला उन्हात निघायचं, आणि वर ते मानचिन्ह पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या पिशवीत! ज्या माणसाने टूथब्रशची दांडी कापून वजन वाचवलंय त्याच्या हातात तुम्ही किलोभर काच देता. श्रीफळाचं काही नाही, ते पुढच्या चढावर फोडून खाता येतं. शाल रात्री पांघरायला होते. मानचिन्हाचं काय करायचं?

त्यात वेग. ते अठ्ठावीसने चालवणार, मला दम लागेस्तोवर ओढणार, आणि गावाबाहेर हात हलवून परत जाणार. पुढचे सत्तर किमी मी गुडघ्याला हात लावून.

मला भेटलेले खरे स्थानिक सायकलवाले कुठल्या ग्रुपात नाहीत. दुधाच्या किटल्या लावून जाणारे, मासळीच्या पाट्या घेऊन फिरणारे, आणि आता जुन्या होत चाललेल्या काळ्या सायकलीवरचे पोस्टमन. विदर्भ-मराठवाड्यात गेलात तर मानव विकासच्या, म्हणजे सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर शाळेत जाणाऱ्या मुली. त्यांच्याबरोबर दोन किमी चालवा. वेग जुळतो, प्रश्नही बरे विचारतात. एकीने मला विचारलं, 'काका, तुम्हाला कुणी गाडी देत नाही का?'

घाटमाथा

'तुम्हाला कुणी गाडी देत नाही का' हे आता माझ्या सायकलच्या मडगार्डवर लिहिणार.

पळस्पे_फाटा

चाकोरीबाहेर, सत्काराचं शंभर टक्के मान्य. यावर उपाय आहे. भेट सकाळची ठेवूच नका, संध्याकाळी पोचल्यावर ठेवा. संध्याकाळी चहावर चारजण येतात, सकाळी चौकात चाळीस. आणि सकाळी बरोबर निघायचंच असेल तर सांगा, 'मी साडेपाचला निघतोय, अंधारात.' अध्यक्ष येत नाहीत.

पण 'खरे स्थानिक' आणि खोटे स्थानिक ही वाटणी मला पटत नाही. दूधवाल्याला वीस किमीच्या पलीकडचा रस्ता सायकलवरून माहीत नसतो, त्याला तिकडे जायचं कारणच नाही. ट्यूब चिपळूणहून कुणी पाठवली? ग्रुपवाल्यानेच. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बीआरएमवाल्यांची मोठी राइड चार वर्षांतून एकदा होते, १,२०० किमी, ९० तास. गेली २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. तिथे वाटेवरच्या गावांतली माणसं रात्री-बेरात्री घरासमोर टेबल मांडून सायकलवाल्यांना पाणी-कॉफी देतात, आपल्याकडे वारीच्या वाटेवर चहा-भाकरी देतात तसं. त्यातले कितीजण स्वतः चालवत असतील? दोन्ही लागतात.

विदर्भकन्या_ठाणेकर

थोडं विषयांतर. मला ठाण्याहून नागपूरला जायचंय. समृद्धीचा आमणेपासूनचा टप्पा सुरू झालाय, भिवंडीहून थेट ७०१ किमी, रस्ता मस्त. त्यावरून गेलं तर वाटेत ग्रुप कसे भेटतील?

दोन_चाकं

ताई, समृद्धीवर दुचाकीलाच परवानगी नाही, मग सायकल कुठली. तसंच मुंबई-पुणे द्रुतगती, तसाच अटल सेतू. पुण्याला जायचं तर पनवेल, खोपोली आणि शिंगरोबाच्या देवळावरून जुना घाट. नागपूरला भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा, नाशिक आणि मग पुढे.

आणि ते बरंच आहे. नाशिकला सायकलवाल्यांना तोटा नाही. महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, २०१५ ला जोडीने रेस अक्रॉस अमेरिका (अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) पुरी करून आले, तेव्हापासून तर तिथे घरटी एक सायकल दिसते म्हणतात. नाशिक सायकलिस्टची मंडळी पंढरपूरला सायकल वारी नेतात. आणि तुमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ ला तीच रेस एकट्याने पुरी करून आले. दोन्ही टोकांना माणसं आहेत, मधल्या टप्प्यात शोधावी लागतील.

खाडीकाठ_माजिवडा

इथे सगळे जाणाऱ्यांच्या बाजूने लिहिताहेत, मी येणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. माझं घर माजिवड्याला. गुजरातकडून दक्षिणेला जाणारा सायकलवाला मुंबई टाळायची म्हणून वरसाव्याच्या पुलावरून घोडबंदर रोडला वळतो, गायमुखचा चढ ट्रकच्या धुरात चढतो आणि कापूरबावडीला येऊन डोकं धरून बसतो. वॉर्मशॉवर्सवर माझं नाव आहे (हे सायकलवाल्यांनी सायकलवाल्यांना फुकट घरी ठेवायचं जाळं, १९९३ पासूनचं), त्यामुळे वर्षाकाठी काही जण घरी येतात.

यजमान म्हणून काही गोष्टी.

एक, पोचायची वेळ खरी सांगा. 'संध्याकाळपर्यंत' म्हणजे आमच्या घरात स्वयंपाकघराचा कारभार अडकतो. गायमुखला पोचलात की निरोप टाका, तिथून मला अंदाज येतो.

दोन, वॉचमन. आमच्या सोसायटीत पाहुणा आला की गेटवर नाव लिहितात, ते ठीक. पण चिखलाने माखलेली, चार पिशव्या लटकवलेली सायकल लिफ्टमध्ये न्यायची म्हटल्यावर सेक्रेटरी खाली येतात. सायकल खाली ठेवायची का वर, हे मी आधीच ठरवून ठेवतो. पाहुण्याने 'सायकल माझ्या डोळ्यांसमोर हवी' असा हट्ट धरू नये. आम्हीही सायकलवालेच आहोत.

तीन, परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. सगळे ज्याला सी फॉर्म म्हणतात तो. हॉटेललाच लागू आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, घरी ठेवणाऱ्यालाही आहे. त्यामुळे पासपोर्ट-व्हिसाचा फोटो मागितला तर दुखावू नका.

चार, दार उघडल्यावर पाहुणा पहिल्यांदा काय विचारतो? वायफाय नाही, जेवण नाही. कपडे धुवायचं मशीन. माझी बायको आता दारातच बादली ठेवते.

बदल्यात मला काय मिळतं, असं शेजारी विचारतात. एका तुर्की पोराने माझी मागची डिरेलर (गिअर बदलणारा भाग) अशी लावून दिली की दुकानवाल्याला गेल्या कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. आणि माझ्या मुलीला दहावीच्या भूगोलापेक्षा जास्त भूगोल जेवणाच्या टेबलावर कळला.

मीनल_सीवूड्स

दारात बादली :) वहिनींना नमस्कार सांगा.

कोलशेतकर

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं मी असं धरलंय: बीआरएमचं कॅलेंडर बघून पाच-सहा गावं निवडायची, नेमका प्रश्न विचारायचा, भेट संध्याकाळी, आणि पुढचा नंबर मागून घ्यायचा. मीनल, लोकेशनचं ऐकलं, आजच सेटिंग बदललं. चाकोरीबाहेर, मासळीवाल्यांबरोबर चालवणारच आहे, ते हर्णैच्या लिलावातून ज्या वेगाने सुटतात तो माझ्याच्याने झेपेल का एवढीच शंका आहे.

दोन प्रश्न राहिले. गोव्याच्या खाली मराठी-हिंदी संपल्यावर काय? आणि जेट्टींचं कसं?

पळस्पे_फाटा

मंगळूर, कण्णूर, कोची इथे चांगले क्लब आहेत, इंग्रजीत निरोप चालतो. केरळात आणखी एक करा: गावोगावी वाचनालयं आहेत, संध्याकाळी तिथे पेपर वाचत माणसं बसलेली असतात. सायकल बाहेर टेकवून आत जा. गावात सायकल चालवणारा कोण आहे हे त्यांना माहीत असतं, आणि नसेल तर ते फोन करून शोधतात, रिकामेच असतात बिचारे.

सडाफटिंग

जेट्टी चार, याच क्रमाने: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सायकल सगळीकडे घेतात. शेवटच्या फेरीच्या वेळा बदलत असतात, आदल्या मुक्कामावरच विचारून घ्या. दाभोळची चुकली तर खाडी ओलांडायला थेट चिपळूणचा वळसा पडतो. आणि जेट्टी हीच भेटायची उत्तम जागा आहे, तिथे सगळ्यांना थांबावंच लागतं. रविवारी सकाळी आसपासच्या तालुक्यांतले सायकलवाले हमखास असतात.

चढांना हलकं समजू नका. खाडीच्या पातळीवरून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) आणि सड्यावरून परत खाडीला, दिवसभर हेच. घाट मोठा नाही म्हणून लोक फसतात. डिसेंबरात दुपारनंतर वारा वायव्येकडून असतो, म्हणजे तुमच्या पाठीवर. कन्याकुमारीहून ठाण्याला येणाऱ्याने काय पाप केलंय देव जाणे.

चाकोरीबाहेर

निघायच्या दिवशी ठाण्यातून बाहेर कसे पडणार? मुंब्रा बायपास नको, ट्रक फार.

कोलशेतकर

कळवा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोड, मग पाम बीच, बेलापूर, पनवेल. साडेचारला निघतो म्हणजे पळस्प्याचे कंटेनर जोरात सुरू व्हायच्या आत कर्नाळा गाठतो. कुणी येणार असेल तर नेरूळपासून पुढे या.

पळस्पे_फाटा

मी येतो कर्नाळ्यापर्यंत. सोळाच्या वेगाने, शब्द देतो.

घाटमाथा

मीही. बॅनर आणू का?

चाकोरीबाहेर

मानचिन्ह माझ्याकडून. काचेचं, दीड किलो. गेल्या ट्रिपमधलं पडून आहे, फक्त नावाची पट्टी बदलायचीय.